बातमी घरापर्यंत कोणत्या वाटेने येते

7 डिसेंबर 2023, गुरुवार. त्या दिवशी केंद्र सरकारचे दोन आदेश निघाले. पहिल्याने साखर कारखान्यांना उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली. दुसऱ्याने कांद्याची निर्यात दुसऱ्या दिवसापासून 31 मार्चपर्यंत बंद केली. खाती वेगळी, विषयही वेगळे. पण सोलापूर जिल्ह्यात दोन्ही आदेश एकाच अंगणात येऊन पडले. हा जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीचे आवार देशातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक. डिसेंबरात गाळप जोरात असते आणि खरिपाचा लाल कांदा यार्डात येत असतो. लिलावात भाव पडले, शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पट्टीवरचा आकडा उतरला. तिकडे मुंबईच्या शेअर बाजारात साखर कंपन्यांचे शेअर आपटले.

हे आदेश आभाळातून पडले नव्हते. त्यांचे मूळ पॅसिफिक महासागरात होते. 2023 मध्ये तिथे एल निनो तयार झाला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोलापूर जिल्ह्यातले उजनी धरण भरले नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकात ऊस कमी, म्हणजे साखर कमी, म्हणजे भाव चढणार, आणि चार-पाच महिन्यांवर लोकसभेची निवडणूक. अशा वेळी कोणतेही सरकार साखर आणि कांदा देशाबाहेर किंवा इंधनाच्या टाकीत जाऊ देत नाही. ज्याने ऑगस्टमध्ये पावसाचे आकडे नीट वाचले होते, त्याला डिसेंबरचा आदेश अनपेक्षित वाटायला नको होता.

आता समजा, माढा तालुक्यातले एक कुटुंब आहे. थोरल्या भावाचा ऊस कारखान्याला जातो, धाकटा कांदा करतो, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने घरची बचत एका साखर कंपनीच्या शेअरमध्ये घातली आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचे उद्दिष्ट सरकारने 2030 वरून 2025 वर आणले होते. साखर कंपन्यांचे दिवस पालटणार, असे त्याने वाचले होते आणि ते चूक नव्हते. या कुटुंबाला वाटते की आपला पैसा तीन ठिकाणी विभागलेला आहे. प्रत्यक्षात तिन्ही पैसे एकाच पावसाच्या आणि एकाच सरकारच्या मर्जीवर आहेत. 7 डिसेंबरला तिघांनाही एकाच दिवशी ठेच लागली.

या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते या कुटुंबात सगळे आले. जगाच्या बातम्या वाचून बाजार उद्या वर जाईल की खाली, हे सांगणे जवळपास अशक्य आहे आणि ते सांगणाऱ्यापासून लांब राहावे. पण एखादी बातमी आपल्या घरात कोणत्या वाटेने शिरेल, आणि आपले पोट व आपली बचत एकाच वाटेवर बसली आहेत का, हे मात्र कोणालाही समजू शकते. त्यासाठी आकडेमोड फार लागत नाही.

शेअरची किंमत हलते कशाने

शेअर म्हणजे कंपनीच्या पुढच्या सगळ्या वर्षांच्या नफ्यातला वाटा. त्याची आजची किंमत दोन गोष्टींवर ठरते: तो नफा किती असेल याचा अंदाज, आणि व्याजाचा दर. व्याज जास्त मिळत असेल तर दहा वर्षांनी हाती येणाऱ्या रुपयाला आज कमी किंमत येते. तिसरी गोष्ट हिशेबात बसत नाही, पण वाईट दिवसांत तीच सर्वांत जोर करते: रोख पैशाची गरज. न्यूयॉर्कमधल्या फंडाला आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतील तर तो जिथे विकले जाईल ते विकतो. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 3,935 अंकांनी, म्हणजे सुमारे 13 टक्क्यांनी पडला. त्या दिवशी साबण करणाऱ्या कंपन्याही पडल्या आणि बँकाही. लोकांनी साबण वापरणे सोडले होते असे नव्हे. विकणाऱ्याला रोकड हवी होती.

पहिली वाट, म्हणजे नफ्याची, सोलापुरात बसून फार चांगली दिसते. बालाजी अमाइन्स ही सोलापूरची कंपनी. तिचे कारखाने चिंचोळी एमआयडीसीत आणि शेजारच्या तुळजापूर तालुक्यात तामलवाडीला आहेत. औषधे, कीटकनाशके, रंग अशा उद्योगांना लागणारी अमाइन्स ती बनवते, आणि त्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे मिथेनॉल आणि अमोनिया. हे दोन्ही नैसर्गिक वायूपासून होतात. भारत मिथेनॉल मोठ्या प्रमाणावर आखातातून आणतो. म्हणजे इराणच्या आखातात जहाजे अडली, किंवा युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर 2022 मध्ये झाले तसे युरोपात वायू महागला, की पुणे रस्त्यावरच्या या कारखान्याच्या खरेदीच्या बिलात ते दिसणारच.

पण विक्रीची बाजूही जगाशी बांधलेली आहे. महासाथीच्या काळात औषधांची मागणी वाढली, चीनकडून होणारा पुरवठा अडखळला आणि या मालाचे भाव चढले. मार्च 2020 मध्ये काहीशे रुपयांना मिळणारा हा शेअर 2021 मध्ये पाच हजारांच्या वर गेला. मग चीनचा माल पुन्हा वाहू लागला, भाव खाली आले, नफा आटला. 2025 च्या सुरुवातीला तोच शेअर दीड हजाराच्याही खाली होता. कारखाना तोच, मालकही तेच. ज्यांनी पाच हजाराला घेतला ते रसायनांच्या टंचाईचा काळ कायमचा धरून चालले होते. टंचाईतला नफा हा पाहुणा असतो. अशा कंपनीचा ताळेबंद वाचताना एका चांगल्या वर्षाऐवजी सात-आठ वर्षांची सरासरी पाहावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

सोलापूरचीच दुसरी कंपनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स. मोटारीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट ती जगभरच्या वाहन कंपन्यांना पुरवते. जानेवारी 2016 च्या अखेरीस तिने 186 रुपयांनी शेअर विक्रीला काढला. तेव्हा चीनची अर्थव्यवस्था मंदावत असल्याच्या धास्तीने जगभरचे बाजार घसरत होते. फेब्रुवारीत शेअरची नोंदणी झाली ती विक्री किमतीच्या खाली, आणि 11 फेब्रुवारीला सेन्सेक्स 800 हून अधिक अंकांनी कोसळला. शांघायमधल्या भीतीने सोलापूरच्या कारखान्यातले एकही यंत्र थांबले नव्हते. या कंपनीसाठी खरी मोठी बातमी वेगळीच होती आणि ती हळूहळू येत होती: विजेवर चालणाऱ्या गाडीला कॅमशाफ्ट लागत नाही. कंपनीने ते ओळखले आणि 2018 मध्ये नेदरलँड्समधली, ट्रक आणि बस विजेवर आणणाऱ्या इमॉस या कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. मोठ्या मथळ्याच्या बातमीने शेअर आठवडाभर हलतो. आतल्या पानावर वर्षानुवर्षे येत राहणारी बातमी धंद्याचे रूप बदलते. वाचकाचे लक्ष मात्र बहुतेक वेळा पहिलीकडेच असते.

अंदाज आणि निकाल

चांगली बातमी येऊनही बाजार पडतो तेव्हा लोक चक्रावतात. जून 2024 चे तीन-चार दिवस यासाठी नीट पाहण्यासारखे आहेत. लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधाऱ्यांना प्रचंड बहुमत दिले. सोमवारी, 3 जूनला, सेन्सेक्स 2,507 अंकांनी चढून 76,468 वर बंद झाला. मंगळवारी निकाल लागला. सत्ता त्याच आघाडीकडे राहणार होती, पण जागा अंदाजापेक्षा कमी आल्या, आणि सेन्सेक्स 4,390 अंक घसरून 72,079 वर आला. शुक्रवारी, 7 जूनला, तो 76,693 वर होता, म्हणजे सोमवारच्याही वर.

बाजाराने सोमवारीच एका मोठ्या विजयाची किंमत आगाऊ मोजली होती. मंगळवारी आलेल्या निकालातून ती वजा झाली. आघाडी जिंकली की हरली याला त्या दिवशी महत्त्व नव्हते. अंदाज आणि निकाल यांतल्या अंतराला होते. वर्तमानपत्रात सकाळी वाचलेल्या बातमीवर दहा वाजता शेअर घेणारा माणूस म्हणून नेहमी मागे असतो; ती बातमी किमतीत मुरून गेलेली असते. मंगळवारी दुपारी घाबरून विकलेल्यांनी चार दिवसांत काय गमावले ते वरच्या आकड्यांत आहे.

व्याजाची वाट

4 मे 2022 हा दिवस सोलापूरच्या अनेक घरांना आठवत असेल, कारण त्या दिवशी एलआयसीचा शेअर सर्वांसाठी विक्रीला खुला झाला. आयुष्यभर पॉलिसीचे हप्ते भरलेल्या माणसांनी पहिल्यांदाच डीमॅट खाते काढले. त्याच दुपारी रिझर्व्ह बँकेने ठरलेली बैठक नसताना रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून 4.40 टक्के केला. सेन्सेक्स 1,307 अंकांनी पडला. एलआयसीच्या शेअरची विक्री किंमत 949 रुपये होती, पॉलिसीधारकांना त्यात 60 रुपयांची सूट. 17 मेला बाजारात पहिला व्यवहार झाला तो 867 रुपयांच्या आसपास. एलआयसीचा धंदा त्या दोन आठवड्यांत बिघडला नव्हता. युक्रेनच्या युद्धाने तेल महागले होते, अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर वाढवत होती, आणि जगभर पैसा महाग होत होता.

व्याजदराची बातमी शेअर नसलेल्यांनाही लागते, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. 100 रुपयांचा, 7 टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा एक रोखा घ्या. दुसऱ्याच दिवशी बाजारात तसाच रोखा 8 टक्क्यांनी मिळू लागला तर तुमचा 7 टक्क्यांचा रोखा पूर्ण किमतीला कोण घेईल? हिशेब केला तर त्याची किंमत 93 रुपये 29 पैसे होते. ज्यांनी सुरक्षित म्हणून लांब मुदतीच्या रोख्यांचा म्युच्युअल फंड घेतला त्यांच्या खात्यात 2022 मध्ये घट दिसली ती यामुळे. बँकेची मुदत ठेव अशी रोज मोजली जात नाही म्हणून तिथे ही घट दिसत नाही, एवढाच फरक. दर उतरू लागले की हीच गोष्ट उलटी फिरते: 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून डिसेंबरपर्यंत 5.25 टक्क्यांवर आला, जुन्या रोख्यांची किंमत चढली, आणि ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाला ठेवीची मुदत संपल्यावर कमी व्याजाची पावती मिळू लागली. अशा माणसाने सगळ्या ठेवी एकाच महिन्यात संपतील असे कधी करू नये. वर्षावर्षाच्या अंतराने त्या संपू द्याव्यात, म्हणजे चढत्या-उतरत्या दोन्ही दरांचा वाटा हाती येतो.

जुन्या गिरणीचे भागधारक

युद्ध, दुष्काळ आणि व्याज याखेरीज आणखी एक वाट आहे, कायद्याची. आणि तिचा सर्वांत मोठा भारतीय धडा सोलापुरातच घडला. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, गावाच्या तोंडी ‘जुनी गिरणी’, मोरारजी गोकुळदास यांनी 1877 मध्ये काढली. दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी होती. युद्धानंतर दिवस पालटले. माल साठत गेला, पैशाची चणचण झाली आणि ऑगस्ट 1949 मध्ये गिरणी बंद पडली. हजारो कामगारांची चूल थंडावली. जानेवारी 1950 मध्ये, प्रजासत्ताक होण्याच्या काही दिवस आधी, केंद्र सरकारने एक खास वटहुकूम काढून केवळ या एका कंपनीचा कारभार हाती घेतला.

भागधारकांच्या हातात शेअर राहिले, पण संचालक निवडण्याचा आणि ठराव करण्याचा त्यांचा अधिकार गेला. कंपनीचे 32,000 प्रेफरन्स शेअर 100 रुपयांचे होते आणि त्यांवर 50 रुपयेच भरलेले होते. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले 50 रुपये भरायची मागणी केली. ज्या कंपनीत आता आपला शब्द चालत नाही तिच्यात आणखी 50 रुपये का भरावेत, हा प्रश्न घेऊन द्वारकादास श्रीनिवास न्यायालयात गेले. त्याआधी चिरंजीतलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरले होते. द्वारकादास मात्र डिसेंबर 1953 मध्ये जिंकले: भरपाई न देता मालमत्तेचे सार काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मग सरकारने 1955 मध्ये घटनेची चौथी दुरुस्ती केली, आणि तिच्यामागच्या कारणांत हा निकालही होता.

भागधारकाची ही लढाई आजही वाचावी अशी आहे. कामगारांसाठी गिरणी चालू ठेवणे योग्यच होते, असे मला वाटते. पण भागधारकाच्या बाजूने पाहिले तर एका वटहुकमाने त्याच्या कागदाचा अर्थ बदलला होता. 2023 चा इथेनॉलचा आदेश त्याच जातीचा. ज्या धंद्यात सरकार भाव ठरवते, परवाना देते किंवा निर्यात उघडते-मिटते, तिथे शेअरच्या किमतीत हा धोका आधीच धरावा लागतो.

टॉवेल, टॅरिफ आणि तिजोरी

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आयातशुल्क लावले आणि 27 तारखेपासून, रशियाचे तेल घेतल्याचे कारण सांगून, आणखी 25 टक्के. सोलापूरचा टेरी टॉवेल यंत्रमागांवर विणला जातो आणि त्यातला बराचसा परदेशी जातो. भौगोलिक मानांकन असलेल्या चादरीपेक्षाही आज शहराचा रोजगार टॉवेलावर जास्त अवलंबून आहे. 50 टक्के शुल्क म्हणजे तिकडच्या दुकानदाराने पाकिस्तान किंवा तुर्कस्तानच्या मालाकडे पाहायला सुरुवात केली. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, सूत स्वस्त व्हावे म्हणून. गिरणीवाल्याला दिलासा मिळाला, पण कापूस घरात येण्याआधीच भाव दबल्याने मराठवाडा-विदर्भातला शेतकरी चिडला. एकच बातमी दोन मराठी घरांत दोन चेहऱ्यांनी शिरली.

रुपयाही घसरत होता. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने 90 रुपये ओलांडले. ज्याची डॉलरमधली ऑर्डर टिकली त्याला त्यामुळे चार पैसे जास्त मिळाले. आणि अशा अस्थिर वर्षात सोने वाढत राहिले. दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा त्याच वर्षी मागे पडला.

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराची कल्पना करा. त्याचा धंदा टॉवेल, त्याची जागा सोलापुरात, त्याचे कर्ज यंत्रांवर. त्याला वस्त्रोद्योग सगळ्यांत चांगला कळतो, म्हणून तो शेअरही कापड कंपन्यांचेच घेतो. ‘ज्यातले कळते त्यातच पैसा घाला’ हा सल्ला त्याने ऐकलेला असतो. माझ्या मते हा सल्ला त्याच्यासाठी घातक आहे. त्याच्या आयुष्याची सर्वांत मोठी गुंतवणूक, म्हणजे कारखाना, आधीच वस्त्रोद्योगात आहे. ऑर्डर थांबेल त्या महिन्यात त्याचे शेअरही पडतील, आणि पगार भागवायला ते तेव्हाच विकावे लागतील. त्याची बचत त्याच्या धंद्याशी अनोळखी असावी: सगळ्या देशाचा निर्देशांक फंड, थोडे सोने, सरकारी रोखे, आणि सहा महिन्यांचा पगार भागेल एवढी रोकड. यंत्रमागावर आठवड्याने मजुरी घेणाऱ्या विणकराला शेअर नसतील, पण त्यालाही हाच नियम लागतो: घरात दोन कमावते असतील तर दोघेही टॉवेलातच असू नयेत.

आणि बचत कोणत्या बँकेत आहे, तेही पाहा. गावची सहकारी बँक गावच्याच धंद्यांना कर्ज देते. गावाचा धंदा बसला की तिची कर्जे थकतात. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध घातले आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिचा परवाना रद्द केला. सुमारे 99 टक्के ठेवीदारांच्या ठेवी ठेव विम्याच्या मर्यादेत होत्या, म्हणून त्यांची पूर्ण रक्कम सुरक्षित राहिली. अमेरिकेच्या व्याजदरावर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांना ही मर्यादा माहीत असते? फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज धरून. ती प्रत्येक पावतीला वेगळी मिळत नाही. एका बँकेच्या चार शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर चार पावत्या असल्या तरी सगळ्या मिळून विमा पाच लाखांचाच.